आधी ताट, मग कारणं: खाण्याच्या आजारांबद्दल आज काय माहीत आहे

मार्च २०२५ मध्ये केरळमधल्या एका तरुण मुलीच्या मृत्यूची बातमी देशभर फिरली. कित्येक महिने ती जेमतेम खात होती. डॉक्टरांनी निदान सांगितलं ॲनोरेक्सिया, मथळ्यांनी मात्र सगळा दोष इंटरनेटवरच्या डाएटवर ढकलला. अशी बातमी आली की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात: मोबाइल कुणी दिला, आणि आईबाप काय करत होते? गेल्या तीसेक वर्षांतलं संशोधन मात्र वेगळ्याच दिशेला बोट दाखवतं. हा आजार सुरू कशानेही होवो, तो टिकतो उपासमारीमुळे. म्हणून उपचाराची सुरुवात कारण शोधण्यापासून होत नाही, ताटापासून होते.

आधी नावं समजून घेऊ

ॲनोरेक्सियात खाणं इतकं कमी होतं की शरीर धोक्यात येतं, आणि धोका आहे हे त्या व्यक्तीला काही केल्या पटत नाही. बुलिमियात थोड्या वेळात ताबा सुटून भरपूर खाल्लं जातं आणि मग ते 'भरून काढण्यासाठी' उलट्या, जुलाबाची औषधं, कडक उपवास किंवा अति व्यायाम होतो. बिंज इटिंगमध्ये ताबा सुटून खाणं तसंच असतं, पण भरून काढणं नसतं. खाण्याच्या आजारांत सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी हा एक. चौथा आहे अर्फिड. यात वजनाची भीती मुळीच नसते. पदार्थाचा वास किंवा पोत सहन होत नाही, घास घशात अडकेल असं वाटतं, किंवा भूकच लागत नाही.

२०१३ मध्ये निदानाचे निकष बदलले. पाळी बंद असल्याशिवाय ॲनोरेक्सिया म्हणायचं नाही, ही जुनी अट गेली. त्यामुळे मुलगे आणि पाळी सुरू न झालेल्या मुली कागदावर तरी 'दिसू' लागल्या. आणखी एक गट तेव्हा नोंदला गेला: आधी वजन जास्त होतं, ते झपाट्याने उतरलं, आणि आता उंची-वजनाच्या तक्त्यात 'नॉर्मल' आहे. जाड म्हणून चिडवला गेलेला मुलगा सहा महिन्यांत सडपातळ झाला की घरात कौतुक होतं. पण त्याची नाडी मंदावलेली असू शकते, रक्तदाब उतरलेला असू शकतो. काट्यावरचा आजचा आकडा आणि किती वेगाने किती उतरलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी अनेकदा जास्त महत्त्वाची ठरते.

उपाशी शरीर मेंदूचं काय करतं?

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. आज त्याला नैतिक परवानगी मिळणार नाही. सगळे धडधाकट, मनाने स्थिर, आणि युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले स्वयंसेवक होते. त्यांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींवर ठेवलं. (फोनवर फिरणारे कित्येक डाएट तक्ते याहूनही कमी देतात.) वजन साधारण एक चतुर्थांश उतरलं.

शरीर रोडावणार हे अपेक्षितच होतं. धक्का बसला तो वागण्याचा. हे लोक रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. ज्यांनी कधी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नव्हतं ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. जेवायला दोन-दोन तास लावायचे, घास बारीक करून चघळत बसायचे, ताट चाटायचे. चिडचिड आणि उदासी वाढली, मित्रांत मिसळणं थांबलं. काहींचा मध्येच ताबा सुटून ते पोट फुटेपर्यंत खात आणि मग स्वतःला दोष देत. प्रयोग संपल्यावरही अनेकांना कित्येक महिने पोट भरल्याची जाणीव होत नव्हती.

यांपैकी कुणालाही जाड होण्याची भीती नव्हती. तरी ॲनोरेक्सिया आणि बुलिमियाच्या वर्णनातली निम्मी लक्षणं त्यांच्यात उमटली. म्हणजे मुलगी पोळीचे नखाएवढे तुकडे करते, स्वतः न खाता घरच्यांसाठी केक करत बसते, ताटाला कुणी हात लावला तर फणकारते, हे तिचे 'नखरे' नाहीत. उपाशी मेंदू असाच वागतो. ही लक्षणं बोलून जात नाहीत, वजन परत आल्यावर जातात.

मग डाएट करणारा प्रत्येक जण आजारी का पडत नाही?

इथे जनुकं येतात. जुळ्यांच्या अभ्यासांवरून ॲनोरेक्सियाच्या धोक्यातला साधारण निम्मा किंवा थोडा जास्त वाटा आनुवंशिक असल्याचं दिसतं. २०१९ मध्ये १७ देशांतल्या जवळपास १७,००० रुग्णांच्या डीएनएची ५५,००० निरोगी लोकांशी तुलना झाली आणि डीएनएवर या आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या. त्यातून दिसलं की ॲनोरेक्सियाचा धोका वाढवणारे जनुकीय फरक चिंता, नैराश्य आणि मंत्रचळ यांच्याशी जुळतात, हे अपेक्षित होतं. पण ते साखर-चरबीच्या चयापचयाशी आणि शारीरिक हालचालीच्या ओढीशीही जुळतात. म्हणून हा मन आणि चयापचय अशा दोन्हींचा आजार असावा, असं आता अनेक संशोधक मानतात. मात्र प्रत्येक जागेचा परिणाम अगदी लहान आहे. 'ॲनोरेक्सियाची जीन टेस्ट' विकायला कुणी आलं तर पैसे खिशातच ठेवा.

बहुतेकांना उपाशी राहिल्यावर चिडचिड होते आणि ते डाएट सोडतात. काही थोड्यांना मात्र न खाल्ल्याने शांत वाटतं, आतली धास्ती उतरते. पहिल्या काही आठवड्यांत हाच अनुभव त्यांना अडकवतो. प्राण्यांतही याची झलक दिसते. उंदरांना दिवसातून थोडाच वेळ अन्न दिलं आणि पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं, तर ते दिवसेंदिवस जास्त पळतात आणि कमी खातात. वेळेत बाहेर काढलं नाही तर मरतात. तितकाच वेळ अन्न मिळणारे पण चाक नसलेले उंदीर तगतात. १९६७ पासून हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला गेलाय आणि उंदरांनी इन्स्टाग्राम पाहिलेलं नसतं.

पुढे सवय तयार होते. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी ॲनोरेक्सियाच्या रुग्णांना स्कॅनरमध्ये झोपवून पदार्थ निवडायला सांगितलं. निवड करताना त्यांच्या मेंदूतला, सवयीची कामं हाताळणारा भाग निरोगी स्त्रियांपेक्षा जास्त गुंतलेला दिसला. 'इतकी हुशार आहे, तिला कळत कसं नाही?' याचं एक उत्तर इथे सापडतं. कळतं, पण सवयीला कळण्याशी फारसं देणंघेणं नसतं.

म्हणजे सोशल मीडिया निर्दोष?

निर्दोष नाही. फिजीमधल्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तिथे धष्टपुष्ट शरीराला मान होता. तीन वर्षांनी शाळकरी मुलींच्या प्रश्नावलीत खाण्याबद्दल बिघाड सुचवणारी उत्तरं देणाऱ्यांचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं. वजन उतरवण्यासाठी उलटी काढणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या, त्या ११.३ टक्के झाल्या. वातावरण किती मुलं डाएटच्या उंबऱ्यावर येतील हे ठरवतं. त्यांतली कोण आत अडकेल यात शरीराची ठेवण बोलते.

घाटात उतारावर सुटलेल्या गाडीचा विचार करा. धक्का कुणी दिला, हँडब्रेक कुणी ओढला नाही, याचा तपास करता येईल, पण आधी चाकाखाली दगड घालावा लागतो. शिवाय धक्का प्रत्येकीच्या बाबतीत वेगळा असतो: मैत्रिणीचा टोमणा, कावीळ झाल्यावर उतरलेलं वजन, नृत्याची परीक्षा, नवरात्रातले नऊ उपवास. उतार मात्र सगळ्यांचा एकच, उपासमार.

'आईवडिलांचंच काहीतरी चुकलं असणार'

विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टरही हेच म्हणत आणि मुलीला घरापासून तोडून ठेवत. याला आधार नव्हता. खाण्याच्या आजारांवर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये जाहीर भूमिका घेतली की कुटुंब हे या आजाराचं मूळ कारण मानणं चूक आहे. घरात ताण असतो, पण आजारी मूल रोज तीन वेळा ताट ढकलत असेल तर कुठल्या घरात ताण नसेल?

'हे तिकडचं फॅड, आपल्याकडे कुठे?'

आपल्याकडे हा आजार वेगळ्या वेषात येतो. हाँगकाँगमध्ये १९९० च्या दशकात आणि भारतातही असे रुग्ण नोंदले गेले, जे 'मला बारीक व्हायचंय' असं म्हणतच नाहीत. ते म्हणतात, 'पोट गच्च होतं', 'जेवलं की मळमळतं', 'पित्त होतं'. हे खोटंही नसतं. फार दिवस कमी खाल्लं की जठर मंदावतं, अन्न तासन्‌तास पोटात राहतं आणि चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. मग ॲसिडिटीच्या गोळ्या, एंडोस्कोपी, सोनोग्राफी, सगळं होतं आणि सगळं नॉर्मल येतं. पाळी थांबली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेलं तर गोळ्यांनी रक्तस्राव सुरू होतो आणि घरचे सुस्कारा सोडतात. तो रक्तस्राव गोळीचा असतो, बरं झाल्याचा नव्हे. झिजणारी हाडंही त्या गोळ्यांनी सावरत नाहीत.

उपवासांचंही नीट पाहायला हवं. एकादशी करणं हा आजार नाही. पण अचानक चतुर्थी, गुरुवार, शनिवार असे उपास वाढत गेले, पारण्याच्या दिवशीही जेवण टळू लागलं, आणि 'आज नको करूस' म्हटल्यावर रडारड झाली, तर तिथे भक्तीपेक्षा दुसरंच काहीतरी चालू आहे.

उपचार: ताट कुणी वाढायचं?

किशोरवयीन मुलांच्या ॲनोरेक्सियासाठी सर्वांत भक्कम पुरावा कुटुंबाच्या मदतीने होणाऱ्या उपचाराला आहे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात त्याची सुरुवात झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत १२१ मुलं होती. उपचार संपल्यावर एका वर्षाने या पद्धतीत ४९ टक्के पूर्ण बरी होती, तर एकट्या मुलाशी बोलून केलेल्या उपचारात २३ टक्के. निम्मी अजून बरी झाली नव्हती, हेही त्याच आकड्यात आहे.

पद्धत सहा महिने ते वर्षभर चालते. पहिल्या टप्प्यात खाण्याचे सगळे निर्णय पालक घेतात: काय, किती, केव्हा. दिवसाला तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी. मुलीला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत, वाटाघाटी करत नाहीत. पोळीला तूप लागतं, दूध सायीसकट, भाजीत शेंगदाण्याचं कूट, दुपारी लाडू आणि केळं. बरं होताना शरीर फार जाळतं, त्यामुळे कित्येकांना दिवसाला ३,००० कॅलरींच्याही पुढे जावं लागतं. घरचे इथेच कमी पडतात, कारण इतरांच्या ताटाशी तुलना करून वाढतात. एक मोठं माणूस शेजारी बसतं आणि जेवणानंतरही तासभर सोबत राहतं. जिम, नृत्य, गच्चीतल्या येरझाऱ्या काही काळ बंद.

बोलायचं कमी. 'तुला त्रास होतोय हे दिसतंय मला. संपेपर्यंत मी इथेच आहे,' एवढं पुरतं. पोषणाचे धडे, 'किती हाडकुळी दिसतेस', 'आमच्यासाठी तरी खा', आफ्रिकेतल्या भुकेल्या मुलांची आठवण, हे सगळं निरुपयोगी. आई सैल आणि बाबा कडक असं झालं की आजार त्या फटीतून वाट काढतो. आजीने हळूच 'राहू दे गं, नको तर नको' म्हणणं यात येतंच. वजन दर आठवड्याला उपचारतज्ज्ञाकडे पाहतात. पहिल्या चार आठवड्यांत साधारण सव्वादोन किलो वाढलं तर पुढे बरं होण्याची शक्यता बरीच जास्त असते. नाही वाढलं, तर सहा महिने वाट न बघता योजना बदलायची.

दुसऱ्या टप्प्यात एकेक निर्णय मुलीकडे परत जातो: आधी मधलं खाणं, मग शाळेचा डबा. तिसऱ्यात वयाचे नेहमीचे प्रश्न, अभ्यास, मैत्री, चिंता. मनातलं बोलणं शेवटी येतं याचं पालकांना नवल वाटतं. पण उपाशी मेंदूशी बोलून हाती फार लागत नाही.

'बळजबरीने आणखी बिघडणार नाही का?'

सुरुवातीला आरडाओरडा वाढतो, हे खरं आहे. ताट भिरकावलं जाईल, 'तुम्ही माझे शत्रू आहात' ऐकावं लागेल. तरी यात तोंडात कोंबणं, मारणं, धमकावणं बसत नाही. यात असतो तो ठामपणा: तापातल्या मुलाने औषध नको म्हटलं तरी आपण देतोच, तितकाच. आजार मुलाच्या इच्छेने आलेला नाही, म्हणून त्याच्या संमतीची वाट पाहत थांबता येत नाही. प्रौढ रुग्णांत हे असं चालत नाही. तिथे ४० पर्यंत बैठकांची वर्तन-विचार उपचारपद्धती वापरतात आणि रुग्णाला आधी बदलासाठी राजी करावं लागतं.

पहिला आठवडा आणि सलाईनची बाटली

फार दिवस उपाशी असलेल्याला अचानक खाऊ घालण्यात एक खरा धोका आहे, ज्याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. उपासमारीत शरीरातला फॉस्फरसचा साठा संपत आलेला असतो, पण रक्ताच्या तपासणीत आकडा ठीक दिसतो. पिष्टमय अन्न किंवा साखर मिळताच इन्शुलिन वाढतं आणि रक्तातला उरलासुरला फॉस्फरस पेशींत ओढून नेतं. रक्तातली पातळी कोसळते. सोबत पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही. हृदयाचे ठोके बिघडू शकतात, श्वासाचे स्नायू थकू शकतात. पहिले पाच-सात दिवस जास्त जोखमीचे. म्हणून फार खंगलेल्या रुग्णाला रुग्णालयातच सुरुवात करतात: आधी बी-१ जीवनसत्त्व, मग अन्न, आणि रक्ताची वारंवार तपासणी.

आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे 'फार अशक्तपणा आलाय' म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात लावलेली ग्लुकोजची सलाईन. नेमकी तीच हा सगळा प्रकार सुरू करू शकते. डॉक्टरांना 'इतके आठवडे जवळजवळ काही खाल्लेलं नाही' हे पहिल्या वाक्यात सांगा.

या भीतीपोटी पूर्वी फारच कमी अन्नापासून सुरुवात व्हायची आणि रुग्ण आणखी खंगायचे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत रुग्णालयात दाखल काहींना पहिल्या दिवसापासून २,००० कॅलरी दिल्या, काहींना १,४००. जास्त अन्नाचा गट तीन दिवस आधी स्थिर झाला, क्षारांची गडबड जास्त झाली नाही आणि रुग्णालयातला मुक्काम सुमारे चार दिवसांनी कमी झाला.

बुलिमिया आणि बिंज: उलटा वाटणारा सल्ला

दिवसभर पोटाला चिमटा, संध्याकाळी ताबा सुटणं, मग पश्चात्ताप आणि उद्यापासून आणखी कडक डाएट: हे चक्र खाणं कमी करून तुटत नाही, नियमित खाऊन तुटतं. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या उपचारात साधारण २० आठवड्यांत २० बैठका असतात. सुरुवातीच्या आठवड्यांतच ठरतं की जागेपणी दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नको. आदल्या रात्री कितीही खाल्लेलं असो, सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. सोबत वही: काय खाल्लं, किती वाजता, कुठे, तेव्हा डोक्यात काय चाललं होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. नोंद त्या वेळीच करायची, कारण रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीत फक्त लाज उरते. वजन आठवड्यातून एकदाच.

उलटी झाली तर लगेच ब्रश करू नका. आम्लाने मऊ पडलेलं दातांचं कवच घासून जातं. चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरा.

'एखादी गोळी नाही का?'

बुलिमियात फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचा उपयोग होतो, पण दिवसाला ६० मिलिग्रॅमला. नैराश्यासाठी सुरुवातीला देतात त्या २० मिलिग्रॅमचा परिणाम तुटपुंजा, आणि बरेचदा तेवढ्यावरच थांबून 'औषध लागू पडलं नाही' म्हटलं जातं. बिंज इटिंगसाठी अमेरिकेने २०१५ मध्ये लिसडेक्सअँफेटामिनला मान्यता दिली. ॲनोरेक्सियासाठी खास मान्यता मिळालेलं औषध नाही. ओलान्झापिन या मानसोपचारातल्या औषधाने वजन थोडं वाढतं, पण विचार फारसे बदलत नाहीत. सायलोसायबिनच्या (काही मशरूममध्ये आढळणाऱ्या, भास निर्माण करणाऱ्या रसायनाच्या) बातम्या येतात, पण २०२३ मधला बहुचर्चित अभ्यास जेमतेम १० स्त्रियांचा होता आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता.

वजन उतरवणारी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली. बिंज इटिंगवर ती चालतील का याचे अभ्यास अजून छोटे आहेत. भूकच मारणारं औषध उपासमारीच्या आजाराचा इतिहास असलेल्याच्या हाती पडणं मात्र उघड धोक्याचं आहे. ती मागणाऱ्याला 'पूर्वी कधी जेवण सोडलं होतं का, उलट्या काढल्या होत्या का' हे विचारल्याशिवाय लिहून देऊ नयेत.

कुठे, कधी न्यायचं?

जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली, रक्तदाब ९०/४५ च्या खाली, अंगाचं तापमान ३५.६ अंश सेल्सिअसच्या खाली, उठताना भोवळ, किंवा खाणं-पिणं पूर्ण बंद: यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. 'ती धावपटू आहे, नाडी कमी असणारच' हा युक्तिवाद वजन उतरत असताना चालत नाही. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल असणं ही हमी नव्हे. ते फार उशिरा बिघडतात. २०११ मध्ये ३६ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा ॲनोरेक्सियात मृत्यूचा धोका समवयस्कांच्या जवळपास सहापट निघाला, आणि पाचातला एक मृत्यू आत्महत्येचा होता. मरणाची भाषा ऐकू आली तर ती धमकी समजू नका.

एवढी घाई नसेल तेव्हा जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग ही चांगली पहिली पायरी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं लागतं, त्यामुळे दाखल करताना कागदावर 'अशक्तपणा' न लिहिता खरं निदान लिहून घ्या.

आणि आजार जुना झालाय म्हणून हात टेकू नका. बोस्टनमध्ये रुग्णांचा २२ वर्षं पाठपुरावा झाला. नवव्या वर्षी ॲनोरेक्सियाच्या ३१ टक्के स्त्रिया बऱ्या झाल्या होत्या. बाविसाव्या वर्षी जवळपास ६३ टक्के.